दगडातील पाने : वनस्पती-जीवाश्मांचा शोध आणि त्यांची ओळख

शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरवर, ब्रेडवुड अणुवीज केंद्राच्या परिसरात, झुडपांनी झाकलेले मातीचे जुने ढिगारे पसरलेले आहेत. कोळशाच्या उघड्या खाणी चालू असताना वरची माती आणि शेल खडक उकरून बाजूला टाकला जाई. हे ढिगारे त्याच कामाचे अवशेष होत. पाऊस पडून गेल्यावर त्यांच्या उतारांवर तांबूस तपकिरी रंगाचे, लंबगोल, चपटे गोटे उघडे पडतात. बहुतेक गोटे आतून रिकामे असतात. काहींच्या आत मात्र सुमारे एकतीस कोटी वर्षांपूर्वीच्या नेच्याचे पान शिरा-उपशिरांसह जपलेले असते. नेपरव्हिल किंवा ऑरोरा येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही पुष्कळांना त्याची गंधवार्ता नसते.

मेझन क्रीक या नावाने जगभर ओळखला जाणारा हा परिसर हौशी संग्राहकांच्या दृष्टीने अमेरिकेतील सर्वांत समृद्ध क्षेत्रांपैकी एक होय. डायनोसॉरच्या हाडांना वाट्याला आलेले कौतुक वनस्पती-जीवाश्मांना सहसा लाभत नाही. परंतु हौशी माणसाला कायद्याच्या चौकटीत राहून, साध्या हत्यारांनी, मुलाबाळांसह जे शोधता येते, त्यात वनस्पती-जीवाश्मांचा क्रमांक फार वरचा लागतो. त्यांची ओळख पटवण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, थोडा अभ्यास आणि शिरांची रचना पाहण्याची सवय एवढ्यावर बरेच काम भागते.

पान दगडात टिकते कसे

झाडावरून गळलेले पान सामान्यतः काही आठवड्यांत कुजते. ते टिकायचे तर प्राणवायू न पोहोचणाऱ्या बारीक गाळाखाली लवकर गाडले जावे लागते. म्हणून वनस्पती-जीवाश्म शोधणाऱ्याने आधी खडक पाहावा. शेल, पंकाश्म, सूक्ष्मकणी वालुकाश्म, सरोवराच्या तळाशी साचलेली ज्वालामुखीची राख हे सारे आशादायक खडक आहेत. ग्रॅनाइट किंवा बेसॉल्ट फोडून पान मिळणार नाही. मात्र बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये सापडलेला सरोवराचा गाळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. त्याविषयी पुढे येईल.

पान निरनिराळ्या रीतींनी टिकते. गाळाच्या भाराने चेपले जाऊन त्याचा कार्बनचा काळा पापुद्रा उरतो, तेव्हा त्यास संपीडन म्हणतात. पापुद्राही नाहीसा होऊन नुसती आकृती राहिली, तर तो ठसा. खोडातील पोकळीत गाळ शिरून कठीण झाला, तर ओतीव मूर्तीसारखा साचा तयार होतो. खनिजयुक्त पाणी पेशीपेशींत मुरून तेथे सिलिका किंवा कॅल्साइट साचले, तर खोडाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याइतकी शाबूत राहते. अश्मीभूत लाकूड म्हणतात ते हेच.

मेझन क्रीकचे गोटे या साऱ्यांहून निराळे आहेत. त्या काळी इलिनॉय विषुववृत्ताजवळ होते. नदीच्या त्रिभुज प्रदेशातील दलदलीत वाढलेली झाडे पाने, बिया, काटक्या गाळात टाकीत आणि गाळ भराभर साचे. गाडलेल्या पानाभोवती जिवाणूंचे काम चालू झाले. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड गाळातील लोहाशी संयोग पावून सिडेराइट हे खनिज पानाभोवती साचू लागले. गाळ दाबला जाण्यापूर्वीच गोटा कठीण झाला. त्यामुळे आतील पान सपाट चेपले गेले नाही. त्याचा उठाव, शिरांची खोली, कधीकधी बीजाची गोलाईही शिल्लक राहिली. ‘उत्तम जतन’ हा शब्दप्रयोग संग्राहकांच्या बोलण्यात सैलपणे वापरला जातो. येथे तो शब्दशः खरा ठरतो.

गोटा उघडण्याची रीत

मेझन क्रीकचा गोटा हातोड्याने बेधडक फोडणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. घाव कोठेही बसतो आणि पान आडवे तुटते. जाणकार मंडळी हे काम थंडीवर सोपवतात. गोटे बादलीत पाण्याखाली काही दिवस भिजवावेत, मग पाण्यासह गोठू द्यावेत, वितळू द्यावेत आणि पुन्हा गोठवावेत. फटीत शिरलेले पाणी गोठताना प्रसरण पावते. ज्या पातळीत पान आहे ती पातळी गोट्यातील सर्वांत दुबळी असल्याने गोटा बहुधा तिथेच उकलतो. काही गोटे तीन-चार फेऱ्यांत उघडतात, काहींना वीस-तीस फेऱ्याही पुरत नाहीत. मिडवेस्टच्या हिवाळ्यात अंगणात ठेवलेली बादली हे काम फुकट करते. इतरांनी शीतपेटीतील एक कप्पा राखून ठेवावा आणि घरातील इतरांची संमती आधीच घ्यावी. फट दिसू लागल्यावर गोटा कडेवर उभा धरून हातोडीचे हलके ठोके दिले की पुरे. त्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण सिडेराइटच्या कपच्या धारदार असतात.

गोटा उघडला की एकाच पानाचे दोन भाग हाती येतात, एकावर उठाव आणि दुसऱ्यावर खोलगटपणा. देखणा भाग ठेवून दुसरा फेकून देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. शिरांचे काही तपशील एका भागावर तर काही दुसऱ्यावर असतात आणि अभ्यासकाला दोन्ही लागतात. दोन्हींवर एकच क्रमांक घालून ती जोडी एकत्र ठेवावी.

नाव कसे ठरवावे

नवख्या संग्राहकाला पहिला गोंधळ होतो तो नावांचा. एकाच झाडाच्या निरनिराळ्या अवयवांना निरनिराळी शास्त्रीय नावे असतात. कारण उघड आहे. खोड, मूळ, पान आणि शंकू ही सुटी सुटी सापडली, निरनिराळ्या वेळी वर्णिली गेली, आणि ती एकाच झाडाची असल्याचे पुष्कळदा अनेक वर्षांनी कळले. खवल्यांच्या खोडाला लेपिडोडेंड्रॉन, त्याच गटातील झाडांच्या मुळासारख्या भागाला स्टिग्मारिया आणि शंकूला लेपिडोस्ट्रोबस म्हणतात. यातील कोणतेही नाव चुकीचे नाही. चिठ्ठीवर ‘हे झाड’ असे न लिहिता ‘हा अवयव’ असे लिहावे, एवढेच.

लेपिडोडेंड्रॉनचे खोड एकदा पाहिले की विसरता येत नाही. पाने गळून पडल्यावर राहिलेल्या चौकटीच्या, शंकरपाळ्यासारख्या वणांच्या तिरप्या रांगा त्यावर असतात. अजगराची किंवा माशाची कातडी सापडली म्हणून लोक जे तुकडे संग्रहालयात घेऊन येतात, ते पुष्कळदा याच झाडाचे असतात. वण तिरप्या रांगांत नसून सरळ उभ्या ओळींत असतील, तर ते बहुधा सिगिलारिया. गोल वण विखुरलेले असून मधोमध ठिपका असेल, तर स्टिग्मारिया. तिन्ही आजच्या इवल्याशा लायकोपॉडचे नातलग आहेत. मात्र त्या काळी त्यांची उंची तीस मीटरच्या पुढे जाई.

वेळूच्या कांडासारखा पेरे आणि उभ्या रेघा असलेला तुकडा मिळाला तर तो कॅलामाइट्स. पुष्कळदा तो खोडाच्या पोकळ गाभ्यात साचलेल्या गाळाचा साचा असतो, सालीचा ठसा नव्हे. वेळूशी याचा काही संबंध नाही. गवतकुळातील वनस्पती फार नंतर आल्या. कॅलामाइट्सच्या पानांचे झुबके चांदणीसारखे दिसतात आणि त्यांना ॲन्युलारिया म्हणतात. मेझन क्रीकमध्ये ‘फूल सापडले’ अशी जी आनंदवार्ता अधूनमधून ऐकू येते, ती बहुधा ॲन्युलारियाची असते. सपुष्प वनस्पतींचे निर्विवाद अवशेष साधारण तेरा-चौदा कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत. एकतीस कोटी वर्षांच्या खडकात फूल मिळणार नाही, हे ध्यानात ठेवले की निम्म्या चुका टळतात. खडकाचे वय माहीत असणे हा ओळख पटवण्याचा पहिला टप्पा आहे, आकार हा दुसरा.

मेझन क्रीकच्या गोट्यांत सर्वाधिक मिळतात ती नेच्यासारखी पाने, आणि खरी परीक्षा तेथेच होते. आकाराने ती एकमेकांसारखी दिसतात. भिंगाखाली दोन गोष्टी पाहाव्यात. पर्णिका दांड्याला कशी जोडली आहे? आणि तिच्यातील शिरा कोठून निघतात?

पर्णिका संपूर्ण तळाने दांड्याला चिकटलेली, कडा साधारण समांतर, मध्यशीर टोकाच्या दिशेने सरळ गेलेली असेल, तर ती पेकॉप्टेरिस. पर्णिका एकाच बिंदूत जोडलेली, तळाशी हृदयाकृती, मध्यशीर टोकाला पोहोचण्याआधीच विरून जाणारी आणि उपशिरा कमानीसारख्या वळलेल्या असतील, तर न्यूरोप्टेरिस आणि त्याचे जवळचे आप्त. पर्णिकेचा तळ दांड्यावरून खाली उतरून पुढच्या पर्णिकेला भिडत असेल, मध्यशीर ठळक आणि उपशिरा तिच्याशी जवळजवळ काटकोन करीत असतील, तर ॲलेथॉप्टेरिस. पर्णिका पूर्ण तळाने जोडलेली पण मध्यशीरच नाही, अनेक शिरा थेट दांड्यातून आत शिरलेल्या असतील, तर ओडोन्टॉप्टेरिस. तळाशी आवळलेली आणि कडेला खंड पडलेली नाजूक पर्णिका स्फेनॉप्टेरिसची समजावी.

लांबट जिभेसारखी मोठी पर्णिका मिळाली तर भिंग आणखी जवळ न्यावे. मॅक्रोन्यूरोप्टेरिस श्यूक्झेरी या जातीच्या पर्णिकांवर बारीक केस असत, आणि चांगल्या नमुन्यात ते शिरांना तिरके छेदून गेलेल्या आखूड रेघांसारखे दिसतात. एकतीस कोटी वर्षांपूर्वीच्या पानावरील लव साध्या भिंगातून दिसणे, हा अनुभव या छंदात माणसाला कायमचा गुंतवतो.

‘नेच्यासारखी’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. यातील पेकॉप्टेरिसची बरीच पाने खऱ्या नेच्यांची आहेत. पण न्यूरोप्टेरिस, ॲलेथॉप्टेरिस, ओडोन्टॉप्टेरिस ही बीजे धारण करणाऱ्या, आता संपूर्ण लुप्त झालेल्या गटाची पाने होत. त्यांना बीजी नेचे म्हणतात. पान नेच्याचे आणि फळ बीजाचे, हे कोडे ब्रिटनमध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडले. मेझन क्रीकला सुपारीएवढे, तीन उभ्या कंगोऱ्यांचे ट्रायगोनोकार्पस नावाचे बीज मिळते, तेही याच गटाचे. ते हाती आले तर संग्राहकाने दिवस सत्कारणी लागला असे समजावे.

आणि सर्वांत फसवे म्हणजे जे जीवाश्मच नसते ते. खडकाच्या फटीत मॅंगनीजची संयुगे झिरपून नेच्यासारखी काळी नक्षी उमटते; तिला डेंड्राइट म्हणतात. ती पानासारखी दिसते, पण तिच्यात मध्यशीर नसते, पर्णिकांचा क्रम नसतो, आणि फांद्या फटीच्या कडेपासून आत पसरलेल्या दिसतात. दख्खनच्या बेसॉल्टमधून येणाऱ्या शेवाळी अकीकातील हिरवी ‘झाडे’ हीसुद्धा खनिजांचीच किमया आहे.

पश्चिमेकडील सरोवरे

सिॲटल, पोर्टलंड परिसरातील वाचकांसाठी चित्र वेगळे आहे. तेथे मिळणारी पाने पुष्कळ तरुण आहेत आणि आजच्या झाडांशी त्यांचे नाते ओळखीचे वाटते. वॉशिंग्टन राज्याच्या ईशान्य भागातील रिपब्लिक या लहान गावी सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या सरोवराचा गाळ आहे. १९७७ मध्ये वेस्ली वेर हे चित्रकार आणि कर्क जॉन्सन हा किशोरवयीन मुलगा येथे पानांच्या शोधात आले. पुढे हाच मुलगा वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक झाला. आज तेथे स्टोनरोज नावाचे केंद्र असून शुल्क भरून कोणालाही शेलच्या पाट्या उकलता येतात. नियम साधा आहे. मिळालेले जीवाश्म कर्मचाऱ्यांना दाखवायचे, दिवसाला तीन घरी न्यायचे, आणि शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा नमुना निघाला तर तो केंद्राकडे राहतो. हौशी लोकांच्या हातून आलेल्या अशा नमुन्यांतून येथे नव्या जातींची भर पडली आहे. या छंदाची याहून चांगली व्यवस्था क्वचितच आढळेल.

ओरेगॉनमध्ये फॉसिल याच नावाचे गाव आहे आणि तेथील व्हीलर हायस्कूलच्या मागच्या उतारावर सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची पाने मिळतात. येथील मानकरी मेटासिक्वोया. या वृक्षाची कथा प्रसिद्ध आहे. १९४१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिगेरु मिकी यांनी जीवाश्मांवरून त्याला नाव दिले, तो लुप्त झाला असेच मानले गेले, आणि त्याच दशकात चीनमध्ये जिवंत झाडे आढळली. त्याची ओळख सोपी आहे. डहाळीवरील सुईसारखी पाने समोरासमोर जोडीने येतात. सिक्वोया आणि टॅक्सोडियम यांची पाने एकाआड एक असतात. नवख्याने भिंग घेऊन हाच एक फरक तपासला तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

आयडाहोमधील क्लार्कियाची पाने दीड कोटी वर्षांहून थोडी जुनी. ओल्या चिखलाची वडी उकलताच त्यांतील काही पाने हिरवी किंवा तांबूस दिसतात आणि हवा लागताच काही मिनिटांत डोळ्यांदेखत काळी पडतात. छायाचित्रक तयार ठेवूनच वडी उकलावी. पेनसिल्व्हेनियातील सेंट क्लेअरची काळ्या पाटीवरील पांढरी नेचापाने बाजारात सर्वत्र दिसतात. पानांची जागा पायरोफिलाइट या खनिजाने घेतल्याने तो रंग आला आहे. ती जमीन खासगी आहे, परवानगीवाचून तेथे पाऊल ठेवू नये.

कायदा

अमेरिकेत प्रश्न ‘काय उचलले’ याइतकाच ‘कोणाच्या जमिनीवरून उचलले’ हा असतो. राष्ट्रीय उद्यानांतून काहीही उचलणे गुन्हा आहे, मग तो नखाएवढा तुकडा का असेना. जमीन व्यवस्थापन विभागाच्या, म्हणजे बीएलएमच्या, बहुतेक जमिनींवर वैयक्तिक वापरासाठी, साध्या हातहत्यारांनी, वाजवी प्रमाणात वनस्पतींचे आणि अपृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म विनापरवाना घेता येतात. विक्री चालत नाही. अश्मीभूत लाकडासाठी दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला एकूण २५० पौंड ही मर्यादा आहे. राष्ट्रीय वनांत जीवाश्मांसाठी दिवसाला २५ आणि वर्षाला १०० पौंड. २००९ च्या पुराजीव संसाधन संरक्षण कायद्याने ही चौकट पक्की केली. पृष्ठवंशी प्राण्यांची हाडे, दात, पाऊलठसे यांना संघराज्याच्या जमिनीवर संशोधन परवान्याशिवाय हात लावता येत नाही. पाने शोधताना हाड दिसले तर छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी, कार्यालयाला कळवावे आणि पुढे चालावे. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनींवर त्यांचे स्वतःचे कायदे लागू होतात. राज्यांच्या जमिनींचे नियम राज्यागणिक बदलतात. मेझन क्रीकचे पूर्वीचे ‘पिट ११’ आता मेझोनिया-ब्रेडवुड राज्य मत्स्य व वन्यजीव क्षेत्रात आहे. तेथे परवाना घ्यावा लागतो आणि जीवाश्म गोळा करण्याचा काळ १ मार्च ते ३० सप्टेंबर असा ठरलेला आहे. निघण्यापूर्वी कार्यालयाकडून चालू नियमांची खातरजमा करावी. पुस्तकांतील व लेखांतील माहिती जुनी झालेली असू शकते, याही लेखातील.

व्हिसावर राहणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण संघराज्याच्या जमिनीवरील चोरीचा गुन्हा हा दगडाच्या मोलापेक्षा कितीतरी महाग पडतो.

चिठ्ठी नसलेला दगड

ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत लाकडाचा एक ढीग आहे. पर्यटकांनी खिशात घालून नेलेले आणि नंतर पश्चात्तापाच्या पत्रांसह टपालाने परत धाडलेले तुकडे तेथे टाकले जातात. ते पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, कारण मुळात कोणता तुकडा कोठला हे कोणालाच माहीत नाही. तो तुकडा दगड म्हणून शाबूत असला तरी पुरावा म्हणून संपलेला असतो. घरोघरच्या संग्रहांचेही पुष्कळदा असेच होते. संग्राहक हयात असेपर्यंत त्याला सारे आठवते. त्याच्या पश्चात मुलांच्या हाती खोक्यांतले अनामिक दगड उरतात आणि कोणतेही संग्रहालय ते घेत नाही.

म्हणून नोंद ही जागेवरच करावी, घरी परतल्यावर नव्हे. दिनांक, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, जमिनीचा मालक व परवानगी, खडकाचा प्रकार, नमुना थरात मिळाला की सुटा, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहावा, तोच क्रमांक वहीत व चिठ्ठीवर. जीवाश्माचे शास्त्रीय नाव चिठ्ठीवर शेवटी आले तरी चालते; नाव नंतरही ठरवता येते, जागा नाही.

नोंदींसह दिलेल्या हौशी संग्रहाचे मोल काय असते, याचे एक उदाहरण नागपूरचे आहे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. व्यवसायाने ते धर्मोपदेशक आणि शिक्षक. रिकाम्या वेळेत त्यांनी नागपूर-कामठी परिसरातील वालुकाश्मांतून वनस्पती-जीवाश्म गोळा केले आणि ते इंग्लंडला पाठवले. चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील एका वनस्पतीला हिस्लॉप यांचे नाव मिळाले आणि भारतीय गोंडवन वनस्पतींच्या अभ्यासात ते आजही वापरले जाते. १८६३ मध्ये हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांचे नमुने उपयोगी पडले ते ती पाने कोठली, कोणत्या खडकातली, हे त्यांनी कळवून ठेवल्यामुळे.

विदर्भातील कोळसा आणि इलिनॉयमधील कोळसा यांची गल्लत मात्र करू नये. विदर्भातील कोळसा पर्मियन कालखंडातला, म्हणजे काही कोटी वर्षांनी तरुण, आणि दक्षिणेकडील गोंडवन भूखंडावरचा. तेथे लेपिडोडेंड्रॉनच्या अरण्यांऐवजी ग्लॉसॉप्टेरिसचे राज्य होते. जिभेच्या आकाराचे पान, ठळक मध्यशीर आणि जाळीदार उपशिरा ही त्याची खूण. मध्यशीर ठळक नसेल तर गॅंगॅमॉप्टेरिसचा विचार करावा. याच ग्लॉसॉप्टेरिसचे दगड १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्युमुखी पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ सापडले होते. अन्न आणि इंधन संपत आले तरी त्यांनी सुमारे ३५ पौंड दगड टाकून दिले नव्हते. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते, या विचाराला पुढे त्या पानांनी बळ दिले.

दख्खनच्या लाव्हाथरांमधील सरोवरांच्या गाळात, छिंदवाड्याजवळील मोहगाव कलान येथे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या फुलांचे, फळांचे आणि ताडवर्गीय खोडांचे अवशेष सिलिकेत जपलेले मिळतात. लखनौच्या संस्थेचे संस्थापक बिरबल सहानी यांनी या वनस्पतींचा पाया घालणारा अभ्यास केला. ताडाचे अश्मीभूत लाकूड ओळखणे फार अवघड नाही. आडव्या छेदात वार्षिक वलये नसतात, सर्वत्र ठिपके विखुरलेले असतात. असेच लाकूड टेक्सासमध्येही मिळते आणि ते त्या राज्याचा अधिकृत दगड आहे. भारतभेटीत मध्य प्रदेशातील घुघुवा किंवा गडचिरोलीतील वडधम येथील जीवाश्म उद्याने अवश्य पाहावीत. तेथून परतताना सामानात मात्र केवळ छायाचित्रे असावीत.

जतन आणि दाखवणे

शेलमधील पाने घरी आणल्यावर उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नयेत. पाटी पापुद्र्यांनी सुटते. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत, सावकाश वाळू द्यावीत. वार्निश, नखपॉलिश, फर्निचरचे तेल यांनी रंग खुलतो आणि नमुन्याचे नुकसान होते. कार्बनचा पापुद्रा सुटू लागलाच, तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पातळ पॅरालॉइड बी-७२ हे संग्रहालयांत वापरले जाणारे द्रव्य मोकळ्या हवेत, थोडे थोडे लावावे. ते पुढे काढता येते, हा त्याचा मोठा गुण. पायराइट असलेले नमुने दमट तळघरात ठेवू नयेत, ते पिवळट भुकटी धरून फुटतात. मेझन क्रीकचे सिडेराइट गोटे या मानाने सोशिक आहेत.

ओळख अडली तर शिकागो परिसरातील एस्कोनी या भूविज्ञानप्रेमींच्या मंडळाकडे जावे. मेझन क्रीकच्या वनस्पतींवरील मार्गदर्शिका या मंडळाने प्रसिद्ध केल्या असून त्या नवख्यालाही वापरता येतात. फील्ड म्युझियममधील मेझन क्रीक संग्रहाचा मोठा भाग हौशी संग्राहकांच्या हातून आलेला आहे. इलिनॉयचा राज्य-जीवाश्म असलेला विचित्र टली मॉन्स्टरही फ्रान्सिस टली या हौशी संग्राहकालाच प्रथम मिळाला. त्याने तो संग्रहालयात नेला आणि १९६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. संग्रहालयाला किंवा मंडळाला छायाचित्र पाठवताना ते सावलीत, एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून घ्यावे म्हणजे शिरा उठून दिसतात. शेजारी सेंटिमीटरची पट्टी असावी, दोन्ही भागांचे वेगवेगळे छायाचित्र असावे आणि सोबत ठिकाण लिहावे. नाण्याने मोजमाप दाखवण्याची पद्धत परदेशी अभ्यासकाला उपयोगाची नाही, कारण क्वार्टर केवढे असते हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.